आरसा लोकसंख्येचा की मतदारांचा?
अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याबद्दल एक मत मांडलं जातं की वंश, वय, शिक्षण, उत्पन्न सगळं अमेरिकेच्या सरासरीजवळ आहे, म्हणून पक्षांचे अध्यक्षीय उमेदवार निवडणाऱ्या मतदानाची पहिली फेरी आयोवा किंवा न्यू हॅम्पशायर या राज्यांऐवजी तिथे व्हावी. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर फारच श्वेतवर्णीय आहेत, हे अगदी मान्य. पण लोकसंख्या देशासारखी असली की मतदानही देशासारखं होतं, हे काही पटत नाही. इलिनॉयने १९९२ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट उमेदवारालाच कौल दिलाय. २०२० मध्ये बायडन देशभरात साधारण साडेचार टक्क्यांनी पुढे होते, तिथे मात्र सुमारे सतरा! राज्याची जवळपास ४० टक्के वस्ती एकट्या कुक काउंटीत, म्हणजे शिकागो आणि भोवतालच्या उपनगरांत आहे. माणसं कोण आहेत याइतकंच ती राहतात कुठे, हेही मोजायला हवं.

आता विस्कॉन्सिन राज्य बघा. लोकसंख्या ८० टक्क्यांच्या आसपास श्वेतवर्णीय, म्हणजे देशाचं प्रतिबिंब अजिबात नाही. तरी २००८ पासून २०२४ पर्यंत पाचही वेळा विस्कॉन्सिन जिंकणाराच अध्यक्ष झाला, आणि शेवटच्या तीन वेळा तिथला फरक एक टक्क्याहूनही कमी होता. शिवाय लोकसंख्येत अठरा वर्षांखालची मुलं आणि नागरिकत्व नसलेले लोकही मोजले जातात. टेक्सास, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत तो आकडा इतका मोठा आहे की जनगणनेवरून मतदारांचा अंदाज बांधणं मला धोक्याचं वाटतं.