अनुभव धागा: थैली घरी विसरू नये म्हणून तुम्ही काय केलंत?

मागच्या रविवारी छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजातून भाजी आणली आणि ओट्यावर मांडली. मेथी एका पन्नीत, मिरच्या-कोथिंबीर दुसरीत, टोमॅटो तिसरीत, लिंबं चौथीत. आणि दारामागच्या खिळ्याला पाच कापडी पिशव्या लटकत होत्या, धुतलेल्या, घडी केलेल्या. घरात प्लॅस्टिक नको हे मी कॉलेजात होते तेव्हापासून म्हणतेय. तरी चार पन्न्या घरात आल्या, कारण मी बाजारात होते आणि पिशव्या खिळ्याला.

प्लॅस्टिक का नको, हे इथं कुणाला पटवायला नको. राज्यात २३ मार्च २०१८ ला बंदीची अधिसूचना निघाली, २३ जूनपासून दंड सुरू झाले: पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. त्याच वर्षी फेब्रुवारीत, जिथं आपला कचरा नेऊन टाकला जायचा त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि आपल्या शहराचा कचरा कित्येक महिने रस्त्याकडेला साचत गेला. आमच्या कोपऱ्यावरचा ढीग मला आजही आठवतो. ओला कचरा खाली बसत गेला, पन्न्या तेवढ्या वर राहिल्या.

मला विचारायचंय ते साधं आहे. थैली तुमच्यासोबत बाजारापर्यंत पोचते कशी? कुठं ठेवता, सवय कुणी लावली, ओल्या वस्तूंचं काय करता? दुकानदार आणि भाजीवाल्यांनीही लिहा. फसलेलंही लिहा. गाव सांगा, नाव नको.

अंबाजोगाई, निवृत्त शिक्षिका

आमच्या वडिलांची थैली घरात कधी नसायचीच. ती सायकलच्या हँडलला गुंडाळलेली असे. बाजार घरात रिकामा केला की ते लगेच बाहेर जाऊन ती परत हँडलला बांधायचे, मग पाणी प्यायचे. म्हणजे थैली सायकलची होती, घरची नव्हती. मला हे कळायला साठी उलटावी लागली. आता भाजी काढून झाली की रिकामी पिशवी मी माझ्या चपलेवर ठेवते. घराबाहेर पडताना चप्पल घालायला पिशवी उचलावीच लागते. दोन वर्षांत फार तर चार-पाच वेळा विसरले असेन.

लातूर, मोंढ्याजवळ किराणा दुकान

वडिलांच्या काळात साखर-डाळ वर्तमानपत्राच्या पुडीत जायची. सुतळीचं रीळ वर टांगलेलं, पुडीला दोन वेढे आणि झटक्यात तोड. पाच किलोच्या वर तूरडाळ घ्यायची तर गिऱ्हाईक थैली घरूनच आणायचं. मी शाळेत असताना पन्नी आली आणि चार-पाच वर्षांत थैली आणणारी माणसं दिसेनाशी झाली.

२०१८ ला मी पन्नी बंद केली. दंडाची भीती होती, हे खरं सांगतो. पहिल्या पंधरवड्यात तीन जुनी गिऱ्हाइकं शेजारी गेली. एक काकू, वडिलांच्या वेळेपासूनच्या, भरलेलं सामान तसंच ठेवून निघाल्या. “पिशवी द्यायला जमत नसेल तर दुकान कशाला मांडलंस रे?” ते बोलणं मला लई लागलं.

मग बायकोनं मार्ग काढला. मांजरपाटाचा तागा आणला, गल्लीतल्या दोघींकडून साठ थैल्या शिवून घेतल्या, प्रत्येकीवर लाल दोऱ्यानं खूण. थैली विकायची नाही. वीस रुपये ठेव, थैली परत आणली की वीस रुपये परत. पहिल्या महिन्यात चाळीसच्या वर गेल्या आणि नऊ परत आल्या. बायको नाराज झाली. मी म्हणलं, परत आली नाही म्हणजे ती कुणाच्या तरी घरात आहे. दिवाळीच्या सामानाला माणसं लाल खुणेच्या थैल्या घेऊन यायला लागली. त्या काकू दोन घेऊन आल्या. त्यांनी काही म्हणलं नाही, मीही नाही. गुळाची भेली तेवढी निवडून चांगली दिली.

आता थैल्यांची वही उधारीच्या वहीशेजारी असते. अजूनही निम्मे लोक मोकळ्या हातानंच येतात. पण जे मोबाइलवर यादी पाठवतात त्यांना मी उत्तरात “थैली आणा” एवढंच लिहितो. सगळ्यात जास्त गुण त्याचा आला.

नांदेड, वसतिगृहात राहते

दस्तीएवढी, म्हणजे हातरुमालाएवढी, घडी होणारी एक पिशवी पाठीवरच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात, चार्जरसोबत. चार्जर मी कधीच विसरत नाही.

उदगीर तालुका, शेतकरी

आमच्याकडं देवणी गाय होती, तिसऱ्या वेताची. सांजच्याला जनावरं बाजारतळावरून घरी यायची. आषाढात तिनं चारा सोडला. रवंथ बंद, दूध आटत चाललेलं. डावी कूस फुगली. बोटं दाबली की मळलेल्या कणकेसारखा खड्डा राहायचा. पोटफुगी समजून आम्ही गोडतेल पाजलं, घरगुती औषधं केली, त्यात आठ दिवस गेले.

डॉक्टर आले, हात फिरवला आणि म्हणले, पोट उघडावं लागेल. उभ्या गायीच्या डाव्या कुशीत भुलीची इंजेक्शनं दिली, कातडं कापलं, मग कोठीपोट. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत. बाहेर आल्या त्या पन्न्या. एकीत एक गुंतून दोरासारख्या पिळलेल्या, काळ्या पडलेल्या. वास असा की माझा भाऊ बाजूला झाला. एक पाटी भरली. दाव्याचा तुकडा निघाला. आणि एक पन्नी गाठ मारलेली तशीच निघाली, आत काहीतरी मऊ, ओळखू न येणारं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. अन्नाचा वास येतो, गाठ गायीला सोडता येत नाही, ती पन्नीसकट गिळते. पन्नी पोटात कुजत नाही आणि पुढंही सरकत नाही. एकावर एक साचत जाते. चाऱ्याला जागाच राहत नाही आणि गाय भरल्या पोटानं उपाशी मरते.

आमची वाचली. पण पुढच्या वेतापर्यंत पहिल्यासारखी झाली नाही. डॉक्टर गेल्यावर माय उकिरड्याकडं गेली. तिथं गाठी मारलेल्या पन्न्या पडल्या होत्या, आमच्याच घरच्या. शिळंपाकं त्यातच बांधून टाकायचो आम्ही. माय काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बापूच्या जुन्या धोतराच्या तीन थैल्या तिनं हातानं शिवल्या. अंगणात शिळ्याची वेगळी बादली ठेवली, ती आता थेट गव्हाणीत रिकामी होते. तुम्ही विचारलंय विसरू नये म्हणून काय केलं. आम्हाला ती पाटी विसरता येत नाही.

जिंतूर भाग, आठवडी बाजारात माळवं विकते (माझं पोरगं लिहून द्यायलंय)

लोकं म्हणतात भाजीवालेच पन्नी देतात. दहा रुपयाच्या मिरचीला पन्नी मी हौसेनं देत नाही. नाही दिली तर गिऱ्हाईक बाजूच्या पालावर जातं. पन्नी मलाच विकत आणावी लागते, किलोच्या भावानं. बाजार उठल्यावर तेवढे पैसे बाजूला काढताना जीवावर येतं. वरून पथक आलं की पहिला गाडा आमचाच.

जी थैली घेऊन येते तिला मी कोथमिरीची चार काड्या जास्त टाकते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण बायांना बरोबर कळालं. आता थैलीचं तोंड उघडून पुढं धरतात, “मावशी, टाका यातच.”

एक सांगते, ध्यानात ठेवा. लोकं आल्या आल्या टमाटे घेतात. मग त्यावर कांदे कसे टाकायचे, म्हणून पन्नी मागतात. बाजारात आधी रिकामी फेरी मारा, भाव बघा. मग कांदे-बटाटे खाली, गवार-भेंडी मधी, वांगी त्याच्यावर, टमाटे अन पालेभाजी शेवटी. एका मोठ्या थैलीत आठवड्याचं माळवं बसतं, काही चेंगरत नाही. मेथी घरी गेल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळा. पन्नीत ती घामेजते, दुसऱ्या दिवशी पानं काळी.

हिंगोली

मटणाला कडीचा स्टीलचा डबा नेतो. आधी रिकामा डबा काट्यावर ठेवायला सांगायचं, काटा शून्य करून मग माल. पहिल्या दिवशी संकोच वाटला होता, दुकानदारालाच बरं वाटलं.

सेलू, कापूस उत्पादक

वरच्या उदगीरच्या भाऊंचं वाचून हात थांबला होता. आमचं वेगळं आहे, पण त्याच प्लॅस्टिकचं. वेचणीला बाया कमरेला लुगड्याची ओटी बांधतात. ती भरली की आम्ही खताच्या रिकाम्या गोणीत ओतायचो. एका वर्षी जिनिंगवर एका जाणत्या माणसानं आमच्या कापसातून बोटभर धागा उपसून दाखवला. गोणीचा सुटलेला प्लॅस्टिकचा धागा. रुईत त्याचे तुकडे झाले की वेगळे काढणं कठीण. ते सुतात जातात, कापडात जातात आणि कापड रंगवताना त्यांना रंग चढत नाही, तिथं ठिपके राहतात. माझ्या रानातला धागा कुणाच्या तरी सदऱ्यावर ठिपका होऊन बसणार, हे मला सहन झालं नाही. तेव्हापासून वेचणीला सुती झोळ्या. पहिल्या वर्षी खर्च जड गेला. झोळ्या उरल्या तशा बाजारालाही त्याच जायला लागल्या. ज्यानं कापूस पिकवायचा त्यानंच पन्नीत माळवं आणायचं, हे तोवर आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

परभणी, शिलाईकाम

दोन गोष्टी सांगतो, माझ्या कामातल्या.

कपड्यांच्या दुकानात मिळते ती बारीक ठिपके दाबलेली रंगीत पिशवी कापडाची नाही. ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे सेलूच्या भाऊंच्या गोणीचंच प्लॅस्टिक, विणलेलं नाही एवढाच फरक. कडेचा एक उभा धागा ओढून बघा. निघणारच नाही, कारण वीणच नाही. सुती कापडाचा तुकडा जाळला तर कागदासारखी राख होते, हे वितळून गोळा होतं. नियमानं ती चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलकी चालत नाही, पण हातात घेऊन ते कुणाला कळणार? उन्हात लटकत ठेवली की काही महिन्यांत भुगा होते. मिळालीच असेल तर फाटेपर्यंत वापरा, पण कापडाची म्हणून घेऊ नका.

दुसरी गोष्ट. थैली फाटते ती बंदाच्या मुळाशी. नवखे लोक बंद नुसता काठाला शिवतात. बंद आतून चार बोटं खाली घ्या, तिथं चौकोन शिवा आणि चौकोनात फुली. तळाला शिवण दोनदा. जुन्या पँटच्या कापडाचे बंद सगळ्यात टिकतात. शर्टाच्या कापडाची थैली माळव्याला पुरते, ज्वारी-डाळीला पँटचंच कापड घ्या. बंदाची लांबी खांद्यावर अडकेल एवढी, पण हातात धरल्यावर तळ जमिनीला लागायला नको. पोरांच्या शाळेच्या जुन्या गणवेशाची थैली आणायला सांगतो मी लोकांना. ती आई टाकत नाही.

बीड

आमच्या कॉलनीत संक्रांतीचं वाण म्हणून कापडी पिशव्या द्यायची पद्धत पडली. हेतू चांगलाच होता. तिसऱ्या वर्षी मोजल्या तर माझ्याकडे सतरा. कापूस फुकट उगवत नाही, त्याला पाणी, खत, फवारण्या लागतात, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं? ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेनं २०११ मध्ये हिशेब मांडला होता. सुती पिशवी निदान १३१ वेळा वापरली तर हवामानावरचा तिचा भार, एकदा वापरून फेकलेल्या पातळ पन्नीइतका होतो. आठवड्याला एक बाजार धरला तरी अडीच वर्षं. सतरा पिशव्यांचा हिशेब करून मी घाबरले. दोन ठेवल्या, बाकीच्या कोपऱ्यावरच्या फळवाल्या मामांना दिल्या, विसरलेल्या गिऱ्हाइकांसाठी. या वर्षी वाणाला ओव्याची रोपं दिली.

नव्या कापडाची थैली शिवायच्या आधी घरातली जुनी चादर बघा, एवढं मला सुचवायचंय.

नांदेड, गोदावरीकाठी राहतो

पुलावरून निर्माल्याच्या पन्न्या नदीत टाकताना रोज बघतो. फुलं देवाची, पन्नी कुणाची? आमच्या घरी निर्माल्य आता परडीत साठतं आणि तुळशीच्या बुडाशी जातं.

धागा काढणारी, पुन्हा

सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल रविवार. अंबाजोगाईच्या बाईंसारखी शनिवारी रात्रीच पिशवी चपलेवर ठेवली होती. शहागंजात आधी रिकामी फेरी मारली, कांदे खाली, टोमॅटो वर. एकच पन्नी आली, मिरच्या आणि लिंबांची, मोठ्या थैलीत ती तळाला जाऊन हरवतात म्हणून. परभणीच्या दादा, तेवढ्यासाठी छोटी थैली शिवायची तर माप काय घेऊ?

परभणी, शिलाईकाम

ताई, नऊ इंच बाय बारा, जुनी ओढणी चालेल. तोंडाला नाडी घाला आणि मोठ्या थैलीच्या आत, काठाला, एका बाजूनं शिवूनच टाका. मग ती वेगळी विसरायची सोयच नाही.