पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन: आत सोडतात ते भुलीचं औषध कशासाठी?

ऐरोलीची सून
येत्या गुरुवारी ठाण्यात सासूबाईंचं पित्ताशय दुर्बिणीतून काढायचंय. वय ६१, वजन ५२ किलो. २०१९ मध्ये माझंही हेच ऑपरेशन झालं. खरं सांगते, चार टाक्यांनी दिला नाही तेवढा त्रास उजव्या खांद्याने दिला. रात्री दोन वाजता वाटलं, हृदयाचंच काहीतरी झालंय. खांदा दुखतो हे आधी कुणी बोललंच नव्हतं. घरी येताना विटाव्याच्या पुलाखाली रिक्षा आदळली की पोटावर उशी दाबून धरायचे.

आता सर्जन म्हणतात, "छिद्रांपाशी टोचू आणि आतही थोडं भुलीचं औषध सोडू." पूर्ण भूल दिलेलीच असते, मग हे आणखी कशाला? शिवाय दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं तेव्हा सासूबाईंच्या छातीत धडधडलं होतं, म्हणून त्या घाबरल्यात. आणि दुखलं तरी तोंडातून शब्द काढणाऱ्या नाहीत, त्यामुळे मलाच सगळं समजून घ्यायचंय.

कळवेकर मास्तर
ताई, माझं दिवाळीनंतर झालं. मलाही टोचलं होतं. संध्याकाळी चहा-बिस्कीट घेऊन वॉर्डात फेऱ्या मारल्या. सिस्टर गोळी घेऊन आल्या तर म्हटलं, दुखत नाही, नको. मध्यरात्रीनंतर बेंबीपाशी अशी कळ आली की कूस बदलता येईना. गोळी चुकवू देऊ नका, एवढंच सांगतो.

भूलतज्ज्ञ, वाशी
मास्तरांचा अनुभव मी जवळजवळ दर आठवड्याला बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

पूर्ण भुलीत रुग्ण झोपलेला असतो, पण भूल उतरली की जखम जागी होते. म्हणून छिद्रांच्या कडेला ब्युपिवाकेन किंवा रोपिवाकेन ही तेवढीच जागा बधिर करणारी औषधं टोचतात. ब्युपिवाकेनचा असर साधारण चार ते आठ तास. दुपारी बाराला ऑपरेशन झालं तर रात्री तो ओसरणारच. पॅरासिटामॉलसारखी ठरवून दिलेली गोळी त्याआधीच पोटात गेलेली हवी, दुखायची वाट बघायची नाही. सगळ्यात जास्त दुखतं ते ज्या छिद्रातून पित्ताशय बाहेर ओढतात तिथे. बऱ्याचदा ते बेंबीचंच असतं.

खांद्याचं कारण वेगळं. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, ताणलं जातं, चुरचुरतं. त्याची नस मानेतून निघते, तिथूनच खांद्याच्याही संवेदना जातात, म्हणून मेंदूला खांदाच दुखतोय असं वाटतं. आत सोडलेलं औषध श्वासपटलाखाली आणि पित्ताशयाच्या जागेवर पसरवतात ते यासाठी. पहिल्या काही तासांत त्याने बरं वाटतं, पण खांदा अजिबात दुखणार नाही असं वचन मी कुणाला देत नाही. शेवटी गॅस नीट काढून टाकणं तितकंच महत्त्वाचं.

मात्रा वजनावर ठरते. ब्युपिवाकेनसाठी मी किलोमागे २ मिलिग्रॅमच्या वर जात नाही, म्हणजे सासूबाईंना १०४. पाव टक्क्याच्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये अडीच मिलिग्रॅम असतात, म्हणजे ४० मिलिलिटरमध्येच शंभर झाले. टोचलेलं आणि आत सोडलेलं, दोन्ही मिळून हा हिशेब. जास्त झालं तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते, म्हणून मॉनिटरवर नजर असते आणि त्यावरचं लिपिडचं औषध थिएटरमध्ये ठेवलेलं असतं.

दाताच्या वेळची धडधड पुष्कळदा इंजेक्शनमधल्या ॲड्रेनलिनची असते. तरी ती तुमच्या भूलतज्ज्ञांना आधी सांगाच. अंगावर पित्त उठलं होतं का, श्वास लागला होता का, हेही आठवून सांगा.

आणि घरी गेल्यावर पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढली, ताप आला, उलट्या थांबेनात किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी देऊन थांबू नका, सर्जनना लगेच फोन करा.

ऐरोलीची सून
डॉक्टर, मनापासून आभार. आज शनिवार, सासूबाई घरी आल्यात. धडधडीचं आधी सांगितलं, भूलतज्ज्ञांनी ते कागदावर लिहून घेतलं. गुरुवारी रात्री आठला त्या "नको गं, काही दुखत नाही" म्हणत होत्या, तरी मी समोर उभं राहून गोळी घ्यायला लावली. रात्री झोप लागली. काल सकाळी उठून बसताना खांदा धरला, मी जागेवरून उठले, तर त्याच म्हणाल्या, "गॅसचं आहे ना हे? बस तू."