हेलीन वादळानंतरची ॲपलाचियन पायवाट

प्रश्न : सप्टेंबर २०२४ मधील हेलीन चक्रीवादळाने अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलाचियन ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेच्या दक्षिण भागाची मोठी हानी केली. टेनेसी राज्यातील अर्विन गावाजवळ मुक्कामी भटकंती करायची असल्यास कोणती काळजी घ्यावी?

उत्तर १ : ही पायवाट अर्विनजवळ ज्यावरून नोलीचकी नदी ओलांडते, तो चेस्टोआ पूल वादळामुळे आलेल्या पुरात वाहून गेला आणि २०२५ मध्ये पदयात्रींसाठी होडीची सोय करावी लागली, म्हणून निघण्यापूर्वी ताज्या सूचना अवश्य वाचाव्यात. नदी पायी ओलांडण्याचा विचारही करू नये.

उत्तर २ : वाट मोकळी झालेली असली, तरी अर्धवट उन्मळून शेजारच्या झाडांवर रेललेली झाडे वाऱ्याने अचानक कोसळतात, तंबू ठोकण्यापूर्वी वर नीट पाहावे. आडव्या खोडांना वळसा घालून नव्या वाटा कृपया पाडू नका, कारण उतारावरील सैल झालेली माती त्यामुळे आणखी घसरते. वाळलेल्या लाकडांमुळे वणव्याचा धोकाही वाढतो, तेव्हा शेकोटी टाळलेलीच बरी.