हमी, जामीनकी आणि तोशीस: इंग्रजी करारातील तीन शब्दांच्या अर्थाबाबत मदत हवी आहे

नमस्कार.

माझी धाकटी बहीण नागपूरजवळ बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी तयार करण्याचा लहान कारखाना चालवते. एका खरेदीदाराने तिच्यापुढे बावीस पानांचा इंग्रजी करार ठेवला असून, आगाऊ रकमेच्या बदल्यात आमच्या आईचीही सही मागितली आहे, कारण प्रतापनगरचे घर आईच्या नावावर आहे. ‘जे मला वाचता येत नाही त्यावर मी सही करणार नाही’ असे आईने सांगितले. तिचे म्हणणे मला पूर्णपणे योग्य वाटते, म्हणून मी तिच्यासाठी कराराचा मराठी तर्जुमा करायला घेतला.

करारात ‘वॉरंटी’, ‘गॅरंटी’ आणि ‘इंडेम्निटी’ असे तीन शब्द आहेत आणि पहिल्या खर्ड्यात मी तिन्ही ठिकाणी ‘हमी’ लिहून मोकळा झालो होतो. तो वाचून आईने विचारले, “म्हणजे खोकी ओलाव्याने फाटली तरी पैसे मीच भरायचे का?” तेव्हा चूक माझ्या लक्षात आली.

वॉरंटीचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. ती मालाविषयी आहे आणि बहिणीपुरती आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १२ प्रमाणे ‘कंडिशन’ (कराराची मुख्य अट) मोडली तर खरेदीदार करार संपुष्टात आणू शकतो, ‘वॉरंटी’ मोडली तर केवळ नुकसानभरपाई मागू शकतो.

खरी गुंतागुंत उरलेल्या दोन शब्दांत आहे. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम १२६ नुसार गॅरंटीत तीन पक्ष असतात: धनको (ज्याचे येणे आहे तो, इथे खरेदीदार), मूळ ऋणको (ज्याचे देणे आहे तो, इथे बहीण) आणि जामीनदार (इथे आई). ऋणकोने कसूर केली तरच जामीनदाराची जबाबदारी सुरू होते, म्हणून येथे ‘जामीनकी’ हा शब्द मला नेमका वाटतो. कलम १२४ मधील इंडेम्निटीत मात्र दोनच पक्ष असतात आणि वचन देणारा दुसऱ्याचे नुकसान स्वतःच्या अंगावर घेतो. यासाठी ‘क्षतिपूर्ती’ हा शब्द कोशात मिळाला, पण तो आईला कळला नाही. मग तिनेच घराचे जुने खरेदीखत काढून त्यातले वाक्य दाखवले: ‘त्याची तोशीस तुम्हास लागू देणार नाही.’ इतका अचूक शब्द आपल्याच कपाटात होता, याचा मला फार आनंद झाला.

तरीही एका वाक्यावर मी थांबलो आहे. आईच्या सहीच्या वर असे लिहिले आहे की ती ‘गॅरंटी देते व इंडेम्निफाय करते’ आणि तिची जबाबदारी ‘केवळ जामीनदार म्हणून नव्हे, तर मूळ ऋणको म्हणून’ राहील. ‘आधी मुलीकडून वसूल करतील, मग माझ्याकडे येतील’ असे आई धरून चालली आहे. मात्र कलम १२८ नुसार करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते, आणि धनकोने प्रथम ऋणकोकडेच गेले पाहिजे असे बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात स्पष्ट केले आहे. पुढच्याच ओळीत कलम १३३ खालील संरक्षण सोडून दिल्याचेही लिहिले आहे. म्हणजे आईला न विचारता कराराच्या अटी बदलल्या तरी ती मोकळी होणार नाही, असा अर्थ मी घेतला आहे.

करारांचे काम करणाऱ्या जाणकारांना माझी विनंती आहे की त्यांनी दोन गोष्टी सांगाव्यात. ‘मूळ ऋणको म्हणून’ या शब्दांमुळे आईची जामीनकी प्रत्यक्षात तोशीस भरून देण्याचे स्वतंत्र वचन ठरते का? तसे असल्यास ‘इंडेम्निफाय’ हा शब्द वगळून, जबाबदारी आगाऊ रकमेपुरतीच मर्यादित ठेवणारे वाक्य कोणत्या शब्दांत मागावे? पुढच्या आठवड्यात वकिलांची वेळ घेतली आहे, पण त्यांच्यासमोर बसण्यापूर्वी आईच्या हातात बिनचूक मराठी मजकूर असावा, अशी माझी इच्छा आहे.