आजोबांचा १९७६ चा सूट माझ्या मापाचा होईल का? (नाशिक)

काजबटण

मंडळी, नमस्कार. वय १६, अकरावी सायन्स, मुक्काम नाशिकरोड. प्रश्न शेवटी आहे. आधीचं सांगितल्याशिवाय उत्तर नीट मिळणार नाही म्हणून लांबण लावतोय.

दिवाळीच्या आवराआवरीत आईने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. दुसऱ्या दिवशी मी क्लासहून आलो तर दारात बोहारीण बसलेली. पुढ्यात दोन साड्या, बाबांचे तीन शर्ट आणि त्यांच्याखालून बाहेर आलेली एक चॉकलेटी बाही. नुसती बाहीच दिसत होती, टोकाला चार बटणं, एकमेकांना खेटून. मी ती धरून ओढली. बोहारीण म्हणाली, "अरे, त्याच्यावरच तर पातेलं ठरलंय." मग पातेलं गेलं आणि आईला चहाची गाळणी मिळाली. तो राग अजून उतरलेला नाही.

सूट आजोबांचा. आजोबा प्रेसमध्ये होते (आमच्याकडे प्रेस म्हणजे नोटांची, वर्तमानपत्राची नव्हे). १९७६ साली लग्नासाठी शिवलेला. कापड मेन रोडवरून आणलेलं, शिवणारे गृहस्थ आता हयात नाहीत. आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे कापड "शुद्ध लोकर". मी पँटच्या आतल्या शिवणीतून दोन धागे काढून गॅसवर धरले. केस जळाल्याचा वास आला, म्हणजे लोकर आहे. पण टोकाला काळा कडक मणी पण तयार झाला, म्हणजे पॉलिस्टरही आहे. थोडक्यात टेरीवूल. आजोबांना सांगितलं नाही. आई मात्र आतून ओरडली, "कुणाचे केस जळतायत रे?"

मापं (इंचात). कोट: खांदा १८, छाती ४१, उंची ३०, बाही २४. लॅपल (छातीवर उलटी दुमडलेली पट्टी) सव्वाचार! पँट: कंबर ३२, मोरी (पायाचा खालचा घेर) २४. हो, चोवीस. बेलबॉटम.
माझी: खांदा १६.७५, छाती ३५, कंबर २८, उंची ५ फूट ८. बाही जशीच्या तशी बसते.

हे सगळं डोक्यात कुठून शिरलं असं विचाराल, तर आठवीत. वर्गातल्या एका मुलाच्या शर्टाची कॉलर दिवसभर उभी राहायची आणि माझी मधल्या सुट्टीपर्यंत आडवी व्हायची. कापड तेच, दुकान तेच. मी घरी येऊन ब्लेडने माझी कॉलर उसवली. आत पांढऱ्या जाळीसारखं काहीतरी, अर्धं चुरगळून एका कोपऱ्यात गोळा झालेलं. त्याला बक्रम म्हणतात हे मला तेव्हा कळलं, आईने धपाटे घालताना. पण मग तिनेच पायमशीनवर कॉलर परत लावायला शिकवलं. तेव्हापासून मी माणसाचा चेहरा नंतर बघतो, आधी खांद्याची शिवण कुठे येते ते बघतो. सिटी बसमध्ये फार वाईट सवय आहे ही.

बाबांना हे अजिबात पसंत नाही. ते अंबडला कंपनीत क्वालिटीला आहेत. "कपड्यांत काय ठेवलंय? शिंप्याचा धंदा करायचाय का?" मी म्हटलं, जीन्सच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकायची कल्पना जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याची, पेटंट २० मे १८७३. ते म्हणाले, "बरं. मग पेटंट काढ आणि ये. तोवर जेईई."

आता प्रश्न. डिसेंबरात मामेबहिणीचं लग्न आहे, गंगापूर रोडच्या लॉन्सवर, संध्याकाळी, म्हणजे थंडी. मला हा सूट घालायचाय. दोन टेलरकडे गेलो. एकाने उघडूनही पाहिला नाही, "जुन्याला हात लावत नाही" म्हणाला. दुसरा म्हणाला, "यापेक्षा रेडिमेड ब्लेझर घे ना." माझ्याकडे भाऊबीजेचे मिळून १९०० रुपये आहेत. काय काय होऊ शकतं, काय होणारच नाही, आणि लॅपल बारीक करता येते का?

भो_नाशिककर

भो, डायरेक्ट म्युझियमला दे. मोरी २४ म्हणजे एका पायात दोघं मावतील.

मेजपट्टी

बाळ, चाळीस वर्षं कोट शिवले, आता डोळ्यांमुळे बंद आहे. धागा जाळून बघितलास हे फार आवडलं. लोकांना कापड विकत घेतानासुद्धा एवढं सुचत नाही.

आधी कोट मेला आहे की जिवंत आहे ते बघ. खालच्या काजाच्या थोडं खाली दोन बोटांनी पुढचं कापड आणि मागचं कापड चिमटीत धरून वेगवेगळं ओढ. मधे तिसरा पदर सुटा फिरतोय असं लागलं तर आत कॅनव्हास आहे, हाताने टाके घालून बसवलेला. तो अजून पन्नास वर्षं टिकेल. दोनच पदर लागले आणि पुढचा कडक वाटला तर आत डिंकाने चिकटवलेलं आहे. तसं असेल तर छातीवर कुठे फुगे आलेत का पाहा. फुगे आले असतील तर पैसे घालू नकोस, ते बसत नाहीत. १९७६ चा लग्नाचा कोट आहे, मला वाटतं कॅनव्हासच निघेल.

मग ट्यूबलाइटसमोर धरून कसर लागली आहे का बघ. काखेत आणि कॉलरखाली विशेष. पँटीची सीट दोन्ही हातांनी ताण, शिवण करकरली तर दोरा कुजलाय, सबंध शिवण नव्याने मारावी लागेल. धुवायचा अजिबात नाही. दोन दिवस सावलीत हँगरवर, डांबराच्या गोळ्यांचा वास त्यानेच जातो. इस्त्री ओल्या फडक्यावरून. थेट फिरवलीस तर चकाकी येते आणि मग ती जन्माची.

खांदा. दोघांत सव्वा इंचाचा फरक, म्हणजे एका बाजूला जेमतेम पाच सूत धर (आठ सुतांचा इंच), पाऊण इंचाच्या आत. होतं. पण बाही काढावी लागते, पॅड काढावं लागतं, खांदा कापून मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, पुन्हा आखावा लागतो. म्हणूनच कुणी हात लावत नाही. कष्ट नव्या कोटाचे आणि पैसे अल्टरचे. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा मोठा असतो, तो जास्तीचा भाग चुण्या न दिसता दाबून बसवायचा असतो. तिथेच कारागीर कळतो.

छाती बाजूच्या शिवणींतून आणि पाठीच्या मधल्या शिवणीतून मिळून दोन इंच घे. जास्त घेतलंस तर खिसे बगलेत जातील. उंचीला हात लावू नको. दोन इंच कमी केलीस की खिसा आणि बटण यांचा हिशेब बिघडतो, कोट आखूड शर्टासारखा दिसतो. लॅपल बारीक होते, पण करू नकोस. काज, कॉलर, सगळं त्या रुंदीला धरून आखलेलं असतं.

पँटीची कंबर चार इंच एकट्या मागच्या शिवणीतून घेतलीस तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटतील. दोन-अडीच मागून, उरलेलं बाजूंनी. आत माया किती सोडलीय ते मला कळव. आम्ही लग्नाच्या सुटात सव्वा इंच माया ठेवायचो, नवरदेव नंतर सुटतो म्हणून.

काजबटण

काका, माया म्हणजे मार्जिन ना? मी सगळीकडे मार्जिन म्हणत फिरतोय.

चिमटी करून बघितली. तिसरा पदर आहे! गुळगुळीत नाही, खरखरीत, गोणपाटासारखा. कसरीचं एकच भोक, डाव्या खिशाच्या झडपेखाली, दिसत नाही. पाठीची मधली शिवण मी अस्तराच्या बाजूने चार इंच उसवली (आजोबांना विचारून). माया बरोबर सव्वा इंच. आणि आतला रंग बघून थांबलोच. बाहेरून कोट दुधाच्या कॉफीसारखा आहे, आत पक्का चॉकलेटी, जवळजवळ काळपट. इतकी वर्षं तो खरा रंग आत दुमडून होता. म्हणजे कोट कधी सैल करायचा झाला तर दोन्ही बाजूंना गडद पट्टा दिसणार. नशीब, मला आतच घ्यायचाय.

मुंढ्याचं तुम्ही म्हणालात म्हणून जुन्या शाळेच्या ब्लेझरवर सुतळी लावून मोजलं. बाहीचा गोल दीड इंचाने जास्त निघाला. हे जातं कुठे ते मला अजून समजलेलं नाही.

मावशी_पंचवटी

ए बाळा, कोटाचं काकांनी सांगितलंय, मी तुझ्या बाबांचं बोलते. माझा भाचा असाच. त्याला मुंबईच्या, म्हणजे खारघरच्या, निफ्टला (फॅशन शिकवणारी सरकारी संस्था) जायचं होतं. घरात रडारड. पण तिथला डिझाइनचा अभ्यासक्रम कुठल्याही शाखेतून बारावी केली तरी चालतो, परीक्षेत चित्रकलेबरोबर हाताने वस्तू बनवायलाही लावतात. सायन्स सोडायचीही गरज नाही. आणि आधी शिवण पक्की करायची असेल तर आयटीआयला शिवणकामाचे एक वर्षाचे ट्रेड असतात. हे बाबांना आत्ता सांगू नकोस. लग्नात सूट घालून त्यांच्या शेजारी उभा राहा, मग सांग.

आणि आईला पातेलं आणून दे. गाळणीवर बोळवण केलीस तिची.

निळी शाई

"कपड्यांत काय ठेवलंय" यावर लिहावंसं वाटलं.

माझ्या आजोबांकडे एकच कोट होता, काळा. १४ एप्रिलला आणि घरच्या लग्नात निघायचा. तो शिवताना शिंप्याने अंगाला टेप लावला नव्हता. "तिकडे उभे राहा" म्हणून लांबून अंदाजाने माप घेतलं, त्यामुळे डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब होती. आजोबा ती आत दुमडून घालायचे आणि फोटोत हात मागे घ्यायचे. ज्या गावात १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह झाला, त्याच गावची गोष्ट. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे तो सूट, टाय आणि खिशाला पेन असाच. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरात सूट हा देवघराजवळ टांगतात.

तुझ्या बाबांना वाईट म्हणत नाही. त्यांना कपड्यावरून कुणी कुठे अडवलं नसेल, एवढंच.

तू बाही मोजतोस ते चांगलं करतोस. दोन्ही मोज.

काजबटण

ताई, दोन्ही मोजल्या. आजोबांच्या कोटाची उजवी पाव इंच आखूड आहे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "माझा उजवा हातच आखूड आहे, टेलरने बरोबर पकडला होता." मी माझेही दोन्ही हात मोजले. सारखे निघाले, थोडं वाईट वाटलं.

मेजपट्टी

माया म्हणजे मार्जिनच रे. पण माया म्हण.

देवळालीगावात माझ्या हाताखाली शिकलेला एक जण आहे, पत्ता व्यक्तिगत निरोपात टाकलाय. खांदा त्याच्याकडून करून घे, पँट तू स्वतः कर. आधी कच्चा टाका, मग अंगावर चढवून बघ, मग मशीन. घाई केलीस तर मला कळेल.

काजबटण

तीन आठवड्यांनी येतोय, क्षमस्व, मधे युनिट टेस्ट होती.

खांदा झाला. १४०० घेतले. ते दादा दोन तास मला शेजारी बसवून काम करत होते. दीड इंच कुठे जातं ते शेवटी दिसलं. बाहीच्या गोलावर आधी बारीक कच्चा धावदोरा, तो हलकेच ओढायचा, कापड वाटीसारखं गोळा होतं, मग वाफ. लोकर खरंच आक्रसते. चुणी एक पण नाही. टेरीवूल असल्यामुळे पूर्ण आक्रसत नाही म्हणाले, त्यामुळे डाव्या बाजूला नखाएवढी घडी राहिली आहे. ती फक्त मला आणि तुम्हाला माहीत आहे.

लॅपल तशीच ठेवली. पँटची कंबर मी केली, दोनदा उसवून. मोरी १७ करायची म्हणून खडू मारून ठेवला होता. आजोबांनी तो खडू हाताने पुसला. "बाकी काय हवं ते कर. ह्या मोरीसाठी मी वडिलांशी आठ दिवस बोललो नव्हतो." मग मी ती तशीच घालून आरशात बघितली. मंडळी, हल्ली सगळे पुन्हा ढगळ पँटच घालतायत, आमच्या कॉलेजात पण. चोवीसच ठेवली. भो_नाशिककर, एका पायात दोघं मावत नाहीत, प्रयत्न केला.

काल रात्री हॉलमध्ये पूर्ण सूट घालून ट्रायल घेतली. आई, आजोबा समोर. बाबा कंपनीतून आले, डबा ओट्यावर ठेवला, बूट काढता काढता बघत राहिले. मी वाट बघत होतो की आता जेईई निघणार. ते म्हणाले, "डावा खांदा उजव्यापेक्षा एखाद्या सुताने खाली आहे." आणि हात धुवायला गेले.

मेजपट्टी काका, मोजलं. खरंच एक सूत खाली आहे. पॅडखाली कापसाचा पातळ थर दिला तर उचलेल का, की पुन्हा बाही काढावी लागेल? आणि चॉकलेटीवर काळे बूट चालतात का? तपकिरी नाहीत, आणि पातेलं आणल्यामुळे शिल्लक ९० रुपये आहे.