मदत हवी आहे: बोका उकडलेल्या चिकनशिवाय कशालाच तोंड लावत नाही

रात्रपाळी
कॅट फूडचे कोरडे दाणे पूर्ण बंद केलेत त्याने. वाडगा पुढे केला की वास घेतो, माती लोटल्यासारखी फरशी उकरतो आणि चालू पडतो. उकडलेलं चिकन मात्र दोन मिनिटांत फस्त. सध्या रोज तेच देतोय. एवढ्यावर भागेल का? नसेल तर वरून काय घालू? "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहिणार असाल तर नका लिहू. जरा लवकर सांगा.

तिरकी मान
वय? वजन? किती दिवस चाललंय? चिकन हाडासकट की बिनहाडाचं? उकडलेलं पाणी देता की ओतून टाकता? एवढं कळल्याशिवाय जो तो अंदाजपंचेच सांगणार.

सायसाखर
दूध घाला त्यावर. दुधाला मांजर नाही म्हणत नाही.

तोळामासा
नाही म्हणत नाही, पण पचवतही नाही. आईचं दूध सुटलं की दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी होत जातं, मग ती न पचता आतड्यात पुढे जाते आणि जुलाब होतात. मांजर डोळे मिटून पितं, निस्तरायला आपले डोळे उघडे लागतात. आणि तुमच्या नावातल्या साखरेचाही उपयोग नाही, मांजराला गोड चवच कळत नाही.

खवलेमांजर
मासे द्या, तेही कच्चे. निसर्गात कोण उकडून देतं?

तिरकी मान
निसर्गात उंदीर असतो, अख्खा. हाडं, काळीज, रक्त, सगळ्यासकट. कापलेला मासा म्हणजे उंदीर नव्हे. बऱ्याच कच्च्या माशांत थायामिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं. रोज दिलं तर मांजराची मान खाली झुकते, बाहुल्या मोठ्या राहतात, चालताना झोक जातो. शिजवल्यावर थायामिनेज निकामी होतं. पण नुसते तेलकट मासे रोज दिले तर ई जीवनसत्त्व कमी पडून कातडीखालची चरबी सुजते आणि हात लावला तरी दुखतं. आठवड्यातून एखादा शिजवलेला, काटे काढलेला तुकडा ठीक आहे.

खवलेमांजर
म्हणजे चालतो ना! मग एवढं पुराण कशाला?

दीडशहाणा
लाड आहेत नुसते. दोन दिवस चिकन बंद करा, झक मारत दाणे खाईल.

तोळामासा
हा सल्ला कृपा करून कोणी पाळू नका. कुत्र्याचा नियम मांजराला लागत नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि यकृत बसतं. लठ्ठ मांजरांना धोका जास्त. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर दवाखाना.

रात्रपाळी
किती प्रश्न! सात महिन्यांचा आहे, तीन किलो. बिनहाडाचं चिकन, दोन महिने झाले. वेगळं शिजवत नाही, आमच्या सूपमधलेच तुकडे धुऊन देतो. मसाला नसतो, फक्त कांदा, लसूण, मीठ. पाणी आम्ही पितो. आता सांगाल का वरून काय घालायचं?

तिरकी मान
घालायचं नंतर, आधी काढायचं बघा. कांदा-लसूण आजपासून बंद. त्यातली गंधकाची द्रव्यं मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि शिजवून ती जात नाहीत. किलोमागे साधारण पाच ग्रॅम कांदा घातक धरतात, म्हणजे तुमच्या बोक्याला पंधरा ग्रॅम. एक फोडच झाली की. रोज थोडा थोडा गेला तरी परिणाम साठत जातो. धुऊन वरचा रस जातो, आत मुरलेला नाही. ओठ उचलून हिरड्या बघा. फिकट असतील किंवा लघवी लालसर-तपकिरी होत असेल तर थांबू नका.

तोळामासा
दुसरी गोष्ट टॉरिन, हे एक अमिनो आम्ल. ते मांजराच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, मांसातूनच यावं लागतं. कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून ढिलं पडतं. टॉरिन पाण्यात विरघळतं, म्हणजे त्याच्या वाट्याचं बरंचसं तुम्ही सूपमधून पिताय. छातीच्या मांसापेक्षा तंगडीत आणि हृदयात ते जास्त असतं.

बारीकसारीक
केसांचे गोळे ओकत असेल तर रोज विंचरा.

तोळामासा
कोणी विचारलं?

अंड्याचं टरफल
कॅल्शियम विसरलात सगळे. शंभर ग्रॅम बिनहाडाच्या चिकनमध्ये फॉस्फरस सुमारे २०० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम १०-१५. दोन्ही जवळपास सारखं हवं, कॅल्शियम किंचित जास्त. टरफलात ३८ टक्के कॅल्शियम असतं, म्हणजे शंभर ग्रॅम मांसाला अर्धा ग्रॅम पूड. टरफल उकळा, खडखडीत वाळवा, पिठासारखं दळा. कण राहिले तर तुकडे चाटून पुसून खातो आणि पूड वाडग्याच्या काठाला तशीच.

तिरकी मान
गणित बरोबर, पण तेवढ्याने आहार पुरा होत नाही. अ, ड, ई जीवनसत्त्वं, आयोडीन, तांबं हे सगळं राहतंच. अ साठी काळीज (यकृत) रोज दिलं तर अ चा अतिरेक होऊन मानेचे मणके जखडतात.

रात्रपाळी
बरं, टरफल घालतो. तसाही हल्ली आळशी झालाय, खिडकीवर उडी मारत नाही. कॅल्शियमने ताकद येईल.

तिरकी मान
थांबा, हे पहिल्या ओळीत हवं होतं! वाढत्या पिल्लाने दोन महिने नुसतं बिनहाडाचं मांस खाल्लं आणि आता उडी टाळतोय, हा आळस नसावा. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर हाडांतून ते ओढतं, हाडं पातळ होतात, साध्या उडीनेही मोडतात. लंगडतो का? पाठीवर हात फिरवला की कण्हतो का? उद्याच एक्स-रे काढा. तोवर छोट्या खोलीत ठेवा, उंच काही नको, खाकेत धरून उचलू नका, छाती आणि मागचे पाय दोन्हींना आधार द्या. टरफलही आत्ता मनाने नको. "डॉक्टरांना विचारा" नका म्हणालात, तरी म्हणतोय.

खवलेमांजर
कच्ची हाडं दिली असती तर ही वेळच आली नसती.

अंड्याचं टरफल
आणि शिजवलेली दिली असती तर सुळे होऊन घशात. वेगळा धागा काढा.

रात्रपाळी
लंगडत नाही, पण पाठीला हात लावला की वळून बघतो. हिरड्या गुलाबी आहेत. सकाळची वेळ घेतली. दाण्यांचं काय करू? पाऊच आणलाय, त्यावर ट्यूना आणि "कॉम्प्लिमेंटरी" लिहिलंय.

तोळामासा
ते फक्त तोंडी लावणं. "कम्प्लीट" (म्हणजे पूर्ण आहार) आणि पिल्लांसाठी असं दोन्ही लिहिलेलं हवं, वर्षाचा होईपर्यंत. असा पाऊच कोमट करून द्या, गार खाण्याला वास येत नाही. पहिले दोन दिवस चिकन नऊ भाग, पाऊच एक भाग, मग दर दिवशी थोडा वाढवा, आठ-दहा दिवसांत पूर्ण. चिकन कांद्याविना वेगळं उकडा आणि गाळलेलं दोन चमचे पाणी त्यातच घाला. अर्ध्या तासाने वाडगा उचला, चार तासांनी परत. दाणे हवेच असतील तर कुटून त्यांची पूड ओल्या तुकड्यांवर भुरभुरा. पुढे चिकन रोजच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत ठेवा. चार किलोच्या मोठ्या मांजराला २००-२५० कॅलरी लागतात, म्हणजे उकडलेली छाती पंधरा ग्रॅमच्या आत.

बारीकसारीक
पण विंचरायचं कितीदा, ते राहिलंच.