नाताळचं झाड तुमच्या वाड्यावर कुठून यायचं?

नाताळ दोन आठवड्यांवर आलाय. काल मडगावच्या बाजारात प्लास्टिकची झाडं दोरीनं आवळून रांगेत उभी केलेली बघितली आणि आमची सुरूची फांदी आठवली. गोव्यात राहिलेल्या सगळ्यांनी, नाताळ घरचा असो की शेजारचा, झाड शोधण्याची आपापली आठवण इथे सांगावी. सुरुवात मी करते.

बाणावली

आमच्या अंगणाला लागूनच एका किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती कुटुंबाचं घर. त्यांच्या आजीला त्यांची नातवंडं शामाय म्हणत, म्हणून आम्हीही शामायच म्हणायचो. 19 डिसेंबरला मुक्तिदिनाची सुट्टी. शाळेतलं झेंडावंदन आटोपलं की आम्ही सहा-सात मुलं थेट किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात. पण त्या दिवशी फांदी तोडायची नाही, नुसती हेरायची. शामायचा तसा दंडकच होता. लवकर आणली तर नाताळच्या रात्रीपर्यंत फांदी तपकिरी पडते आणि खाली केर साचतो. बुंध्याशी भरदार, शेंड्याला निमुळती, कुठूनही बोडकी न दिसणारी फांदी मिळाली की तिला लाल दोरा बांधायचा. मग 23 तारखेला शापाय, म्हणजे त्यांचा आजोबा, कोयता घेऊन यायचा.

एका वर्षी कुणीतरी आमचा दोरा सोडून फांदी आधीच नेली. मी घरी येऊन जेवलेच नाही. दुसऱ्या दिवशी गुडघे धरत शामाय स्वतः बनात आली. तिनं निवडलेली फांदी वाकडी होती, आम्हा मुलांना ती मुळीच आवडली नाही. तेलाच्या रिकाम्या डब्यात ओली रेती भरून ती उभी केली, तेव्हा तिचा शेंडा नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यावर बरोबर झुकला, बाळ येशूवर सावली धरावी तसा. त्यानंतर आम्ही वाकडीच फांदी शोधायला लागलो.

मोरजी

आमच्याकडे फांदी तोडायची नाही, पडलेली उचलायची. बाबा सांगायचे, सुरू वारा अडवतो आणि रेती धरून ठेवतो, त्याच्या मागे आपलं घर आहे. रात्री वारं जोरात सुटलं की सकाळी आम्ही भावंडं बनात हजर. शेजारच्या आंटीच्या घरी दर वर्षी आमचीच फांदी असायची, आणि नाताळच्या सकाळी दोदोल, नेवऱ्या, कुलकुलांचं ताट विणलेल्या रुमालाखाली झाकून आमच्याकडे यायचं. काळोखात मात्र बनात जायला बंदी. त्या दिवसांत कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, बॅटरीच्या उजेडानं ती बिथरतात.

फोंडा

आमच्या वाड्यावर नाताळचं झाड नव्हतं. पण दोरा बांधून हेरून ठेवणं वाचलं आणि चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची रानातल्या फळाफुलांची सजावट, डोळ्यांपुढे आली. श्रावणातच आजोबा आम्हाला घेऊन डोंगरावर चढायचे. कांगलांची वेल कुठल्या झाडावर गेली आहे, घागऱ्या कुठे धरल्या आहेत, कवंडळ कुणाच्या कुंपणावर पिकतंय, सगळं बघून ठेवायचं आणि चवथीच्या आदल्या दिवशी आणायचं. कांगलांचे पिवळे घोस उन्हात ठेवले की तडकायचे, आत लालभडक. आमच्याबरोबर आजोबांचा एक किरिस्तांव मित्र यायचा. वेलीपर्यंत हात त्याचाच पोचायचा. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटोळीत त्यानं काढलेला घोस कुठला, ते आजोबा येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे. मला वाटतं, सणाला बाजारातून सगळं आणता येतं, पण असं दाखवण्यासारखं काही त्यात नसतं.

वास्को, मूळची कोल्हापूरची

नोकरीसाठी आले तेव्हा घरमालकीण आंटीनं दारात कुंडीतलं गुडघाभर झाड ठेवलं होतं. नर्सरीवाले त्याला सरळ ‘ख्रिसमस ट्री’च म्हणतात. ते मूळचं पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटाचं. एकावर एक मजले चढावेत तशा त्याच्या फांद्या येतात. आंटीनं ते पुढे जमिनीत लावलं. आता चांदणी लावायला शिडीही पुरत नाही, म्हणून ती गच्चीवरून काठीला बांधून सोडतो. काठी धरण्याचं काम माझ्याकडे आहे.

म्हापसा

मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं, म्हणून एवढंच. सुरू पाइनच्या कुळातला नाही, आणि आपण ज्याला त्याची पानं म्हणतो त्या हिरव्या काड्या म्हणजे बारीक डहाळ्या. खरी पानं सांध्यांवर खवल्यांएवढी, भिंगातून दिसतील इतकीच. सांध्यावर हळूच ओढली की काडी सुटते आणि पुन्हा बसवता येते. मुलींना मी ती द्यायचो आणि विचारायचो, कुठे तोडली ते सांगा. कितीदा तरी मलाच सापडायचं नाही.

बाणावली, पुन्हा

म्हापशाचे सर, हा खेळ आम्ही शामायच्या पडवीत खेळायचो! त्यावरून राहिलेलं आठवलं. 6 जानेवारीला तीन राजांचं फेस्त झालं की झाड उतरवायचं. कापसाचं बर्फ शामाय पुढच्या वर्षासाठी डब्यात भरून ठेवायची आणि फांदी न्हाणीच्या चुलीत जायची. सुरूचं जळण कडक, भाणातलं पाणी बघता बघता कढायचं. मग त्या पाण्यानं ती आम्हा सगळ्यांना ओळीनं न्हाऊ घालायची, तिची नातवंडं आधी की आम्ही आधी ते कधी ठरलेलं नसायचं.